प्रश्नचिन्हं पडद्यावर की टेबलात?

प्रश्न : ताई, मी महालातल्या एका छोट्या वाचनालयाचं काम पाहतो. सभासदांच्या नोंदी मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहेत. जुन्या कॉम्प्युटरवर मायएसक्यूएलडम्पनं (सगळ्या नोंदी एका फाइलीत उतरवणारी कमांड; त्या फाइलीला डम्प म्हणतात) बॅकअप घेतला आणि नव्यावर चढवला. इंग्रजी नावं बरोबर आली, पण मराठी नावांच्या जागी कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. जुना कॉम्प्युटर रविवारी भंगारात जाणार आहे. काय करू? – एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, आधी भंगारवाल्याला थांबवा. जुन्या डिस्कला हात लावू नका.

तुम्ही ‘दिसतात’ असं लिहिलंय, तिथूनच सुरुवात करू. काळ्या खिडकीचं सर्व्हरशी बोलणं लॅटिन१मध्ये (मराठी अक्षरं नसलेल्या जुन्या अक्षरसंचात) चालू असेल, तर टेबलात नाव शाबूत असूनही पडद्यावर प्रश्नचिन्हं येतात. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, बाइट, म्हणजे अक्षरामागे साठवलेले आकडे, तपासा. ‘सिलेक्ट हेक्स(नाव)’ अशी क्वेरी चारपाच सभासदांवर चालवा, ती ते बाइट दाखवते (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांतच करायचं).

यूटीएफ८ या, सगळ्या भाषांची अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘नागपूर’मध्ये न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र अशी ६ चिन्हं आहेत, म्हणजे १८ बाइट. पहिला ‘न’ ई०ए४ए८ असा दिसतो. तुमच्या नावांचे बाइट ई०ए४ किंवा ई०ए५ असे येत असतील, तर बहुतेक काहीच हरवलेलं नाही. ‘सेट नेम्स यूटीएफ८एमबी४’ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ८) द्या आणि पुन्हा बघा. सी३ए० असं सुरू होत असेल, तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय, म्हणजे यूटीएफ८चे बाइट लॅटिन१ समजून पुन्हा यूटीएफ८मध्ये बदलले गेलेत. तो सोडवता येतो, पण टेबलाच्या कॉपीवरच हात चालवा.

आणि ओळीनं ३एफ, ३एफ, ३एफ (प्रश्नचिन्हाचा बाइट) आलं, तर नव्या टेबलात खरोखरच प्रश्नचिन्हं साठली आहेत. त्यातून मूळ अक्षर कुणालाच परत काढता येत नाही. म्हणून तर भंगारवाल्याला थांबवायला सांगितलं. हीच तपासणी जुन्या मशीनवर करा. तिथं ई०ए४ निघालं, की डम्प नव्यानं घ्या.

या वेळी कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ असा स्पष्ट सांगा. टेबलं इनोडीबी (मायएसक्यूएलचा टेबल साठवायचा एक प्रकार) असतील तर ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ लावा, म्हणजे डम्प चालू असतानाही पुस्तकांची देवघेव थांबवावी लागत नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘>’ चिन्हानं फाइल काढू नका. ती यूटीएफ-१६ या वेगळ्या पद्धतीत लिहिली जाते आणि पुढे चढत नाही. त्याऐवजी ‘रिझल्ट-फाइल’ हा पर्याय आहे. पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहू नका, नुसतं ‘-पी’ द्या. प्रोग्राम विचारेल तेव्हा पासवर्ड टाका.

मग फाइलची शेवटची ओळ वाचा. तिथं ‘डम्प कम्प्लीटेड’ असं इंग्रजीत हवं. या ओळीबद्दल मी हट्टी आहे. इतवारीतल्या एका कापड दुकानात मे महिन्यात भर दुपारी वीज गेली आणि डम्प अर्ध्यावर तुटला. फाइल चांगली जाडजूड दिसत होती, म्हणून कुणी उघडून पाहिली नाही. दोन महिन्यांनी डिस्क गेली तेव्हा त्या फाइलीत उधारीच्या खात्याचं टेबलच नव्हतं. मालकांनी वह्या काढून महिनाभर रात्री बसून ते खातं पुन्हा भरलं. तो महिना मी विसरलेले नाही.

फाइल पूर्ण असेल तर थेट चालू डेटाबेसवर चढवू नका. ‘तालीम’ नावाचा रिकामा डेटाबेस तयार करा आणि तिथं चढवा. दोन्हीकडच्या सभासदांची संख्या मोजा, हेक्स पुन्हा बघा, जोडाक्षरं असलेली चार नावं वाचा. रोजच्या कामासाठी रूट (सगळे अधिकार असलेला युजर) वापरत असाल तर तेही थांबवा. वाचनालयाच्या प्रोग्रामला फक्त त्याच डेटाबेसपुरता वेगळा युजर द्या.

दोन्ही मशीनवरच्या हेक्सच्या पहिल्या पाच ओळी मला लिहून पाठवा. सी३ए० निघालं असेल तर सोडवायची कमांड पुढच्या अंकात देते.