वायरलेस कीबोर्डवर ‘महाराष्ट्र’चं ‘हरषटर’ होतंय. कीबोर्ड दुरुस्त होईल का?

तुम्ही लिहिलंय की वायरलेस कीबोर्ड तीन वर्षांचा आहे आणि सेल नवे घातले आहेत. तरी इनस्क्रिप्टने, म्हणजे मराठी अक्षरांच्या बटणांच्या ठरावीक मांडणीने, टाइप करताना काना, पाय मोडायचं चिन्ह आणि ‘म’ ही तीन बटणं काही केल्या उमटत नाहीत. शिवाय मधूनच कुठलंही अक्षर गळतं, नाहीतर एखादी वेलांटी दहा वेळा उमटते. दुकानदार म्हणाला, वायरलेस दुरुस्त होत नाही, नवा घ्या.

इतक्यात टाकू नका. मी घरून डीटीपीचं काम करते. दिवाळी अंकाच्या घाईत कीबोर्ड बिघडला की जीव कसा टांगणीला लागतो ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात मला एक नाही, दोन दुखणी दिसतात. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्ही एकत्र दिसल्यामुळेच ‘कीबोर्ड गेला’ असं वाटतं.

आधी ती तीन बटणं घेऊ. इनस्क्रिप्टमध्ये काना ‘ई’च्या बटणावर असतो, पाय मोडायचं चिन्ह ‘डी’वर आणि ‘म’ ‘सी’वर. आता कीबोर्डकडे बघा. ई, डी आणि सी ही बटणं एकाखाली एक, किंचित तिरप्या रांगेत आहेत आणि त्यांच्या डोक्यावर ३ चा आकडा आहे. तीन बटणं वेगवेगळी खराब झाली असती, तर ती अशी एका रांगेत सापडणं कठीण होतं.

कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःची वेगळी तार नसते. आत आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते. समजा आडव्या ८ आणि उभ्या १८ रेघा आहेत. म्हणजे २६ जोडण्यांत १४४ छेदबिंदू मिळतात आणि शंभराच्या आसपास बटणं त्यात आरामात बसतात. बटण दाबलं की त्या जागची आडवी रेघ उभ्या रेघेला टेकते. चिप सगळ्या रेघा सतत तपासत असते, त्यामुळे कुठल्या दोन टेकल्या हे तिला लगेच कळतं. बऱ्याच कीबोर्डमध्ये ३, ई, डी आणि सी एकाच उभ्या रेघेवर असतात. ती एक रेघ तुटली किंवा तिचा सांधा सैल झाला की त्या रेघेवरची बटणं मुकी होतात. ‘महाराष्ट्र’मधून नेमका म, काना आणि पायमोड काढला की ‘हरषटर’च उरतं.

म्हणून सगळ्यात आधी एक करा. भाषा इंग्रजी करून नोटपॅडमध्ये ३, ई, डी, सी दाबून बघा. मग डोंगल (कीबोर्डचे संदेश पकडणारा, यूएसबी पोर्टात लावायचा छोटा तुकडा) दुसऱ्या लॅपटॉपला लावून हेच पुन्हा करा. तिथेही ती बटणं मुकीच राहिली, तर दोष कीबोर्डच्या पोटात आहे, विंडोजमध्ये किंवा मराठी फाँटमध्ये नाही. फाँट बदलून बघा असा सल्ला पुष्कळजण देतात. त्यात अख्खा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

आता दुसरं दुखणं, गळणाऱ्या अक्षरांचं. हे बहुतेक हवेतलं आहे. वायरलेस कीबोर्ड डोंगलवाला असो की ब्लूटूथवाला, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. वायफायही बऱ्याचदा तिथेच असतं. त्याहून त्रासदायक म्हणजे यूएसबी ३.० ची निळी पोर्टं. त्यांच्यातून डेटा वाहताना जो रेडिओ गोंगाट निघतो, तो याच पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर एक तांत्रिक टिपणच प्रसिद्ध केलं होतं. तुमचं डोंगल संगणकाच्या कॅबिनेटच्या मागे निळ्या पोर्टात आणि शेजारी बाहेरची हार्डडिस्क असं असेल, तर डोंगलला कीबोर्डचं बोलणं नीट ऐकूच येत नाही. बटण दाबल्याचा संदेश हरवला की अक्षर गळतं. बटण सोडल्याचा संदेश हरवला की संगणकाला वाटतं बोट अजून बटणावरच आहे, आणि मग वेलांटीमागून वेलांटी उमटत जाते.

माझ्याकडे हे हार्डडिस्कवर बॅकअप चालू असतानाच व्हायचं, एरवी नाही. ते लक्षात यायला मला दोन महिने लागले. इलाज मात्र अगदी साधा निघाला: हातभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर, कीबोर्डच्या समोर आणून ठेवलं. तुम्ही आज रात्रीच करून बघा. डोंगल आणि कीबोर्ड यांच्या मध्ये लोखंडी कपाट, कॅबिनेटचा पत्रा किंवा माणूस येऊ देऊ नका. आपल्या अंगातलं पाणीही या लहरी शोषून घेतं.

अक्षरं तरीही गळली, तर विंडोजमध्ये ‘फिल्टर की’ चालू झाली आहे का ते बघा. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की ती चालू करायची का असं विंडोज विचारतं, आणि आपण न वाचताच ‘हो’ म्हणून जातो. ती चालू असली की हलका, झटपट दाब संगणक मोजतच नाही. मजकूर वाचता वाचता ज्यांचं बोट शिफ्टवर विसावतं, त्यांच्याकडे हे हमखास होतं.

सेल नवे घातलेत असं तुम्ही म्हणता, पण सेलच्या खणातली स्प्रिंग बघितलीत का? तिच्यावर पांढरी पूड असेल, तर जुना सेल गळलेला आहे. अल्कलाइन सेलमधून गळतं ते क्षारधर्मी असतं. कान साफ करायची काडी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात जेमतेम ओली करून ती पूड पुसा, नंतर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून पूर्ण वाळू द्या. ही पूड उघड्या हाताने खरवडू नका आणि डोळ्यांजवळ नेऊ नका.

आता कीबोर्ड उघडायचा. आधी सेल काढा. आत चपटी चार्जिंगची बॅटरी असेल, तर तिचं कनेक्टर सोडवा, आणि ती फुगलेली दिसली तर तिला हातही न लावता तिथेच थांबा. मागचे सगळे स्क्रू काढूनही झाकण हललं नाही, तर ताकद लावू नका. एखादा स्क्रू लेबलखाली किंवा रबरी पायाखाली लपलेला असतो. लेबलवरून बोट फिरवलं की खळगा लागतो. कडेचे खटके सोडवायला बाद झालेलं एटीएम कार्ड उत्तम. स्क्रू ड्रायव्हरने प्लास्टिक फुटतं. कीबोर्ड पालथा ठेवूनच उघडा. काही मॉडेलमध्ये प्रत्येक बटणाखाली रबराची सुटी वाटी असते. सरळ बाजूने उघडला तर शंभर वाट्या घरभर होतात. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढत चला.

आत पारदर्शक प्लास्टिकच्या तीन फिल्म एकावर एक दिसतील. वरच्या आणि खालच्या फिल्मवर रेघा छापलेल्या असतात आणि मधल्या फिल्मला नुसती भोकं असतात. या फिल्मचं एक शेपूट छोट्या हिरव्या सर्किट बोर्डावर येऊन बसतं. तिथे सोल्डर नसतो. पट्टी आणि रबर यांनी शेपूट नुसतं दाबून धरलेलं असतं. माझा पहिला संशय याच सांध्यावर आहे, कारण एक अख्खी रेघ मुकी होण्याचं सगळ्यात सोपं कारण तिथेच असतं. पट्टीचे स्क्रू काढा, शेपूट आणि बोर्डावरचे काळे ठिपके स्वच्छ कपड्याने हलकेच टिपा, फार तर आयपीएचा थेंब लावा, आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवा. घासू मात्र नका. ती छापलेली शाई आहे, घासली तर निघून येते. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. माझ्या एका कीबोर्डवर चहा सांडला होता. दोन रांगा गेल्या होत्या आणि शेपटाखाली साखरेचा चिकट थर होता. तो पुसल्यावर दोन्ही रांगा परत आल्या, आणि तो कीबोर्ड मी अजून वापरते.

सांधा स्वच्छ करूनही फरक पडला नाही, तर फिल्म उजेडासमोर धरा आणि शेपटापासून ‘ई’च्या जागेपर्यंत रेघेचा माग काढा. चहा किंवा ओल गेलेली असेल तिथे चांदीसारखी रेघ काळी पडलेली किंवा तुटलेली दिसते. मल्टिमीटर असेल तर त्या रेघेचा रोध शेजारच्या चांगल्या रेघेशी ताडून बघा. तुटलेली जागा विजेचं वहन करणाऱ्या चांदीच्या शाईने जोडता येते. पातळ थर द्या आणि रात्रभर सावलीत वाळू द्या. सोल्डरिंग गनने जोडायला जाऊ नका, फिल्म वितळते. हेअर ड्रायरही नको, ती आक्रसते आणि भोकं जागेवर राहत नाहीत.

एका बाबतीत दुकानदाराचं म्हणणं खरं ठरू शकतं. तुमचा कीबोर्ड लॅपटॉपसारखा अगदी चपटा असेल आणि आतली फिल्म वितळवलेल्या प्लास्टिकच्या खुंट्यांनी पक्की केलेली असेल, तर ती उघडून पुन्हा तशीच बसत नाही. चांदीच्या शाईची बाटली स्वस्तातल्या कीबोर्डपेक्षा महाग पडत असेल, तरी हट्ट धरू नका. पण डोंगलच्या वायरीला आणि शेपटाच्या सफाईला जवळजवळ काहीच खर्च नाही. तेवढं केल्याशिवाय नवा घेऊ नका. अंकाचं काम अडलं असेल तर तोवर कुणाकडून जुना वायरवाला मागून आणा, म्हणजे घाईत खोलाखोली करावी लागणार नाही.

उघडण्याआधी ३ चा आकडा उमटतो की नाही तेवढं इथे कळवा. तोही गेला असेल तर शेपटापासून सुरुवात करा. तो चालत असेल तर सांधा बहुधा शाबूत आहे आणि रेघ ३ आणि ई यांच्या मध्ये कुठेतरी तुटली आहे. तसं असेल तर फिल्मचा उजेडासमोर धरलेला फोटोही टाका, मी रेघ शोधून देईन.