नदीकाठच्या मळईत (पुराच्या गाळाच्या जमिनीत) कलिंगड, भाजीपाला केल्याने नदीचं पाणी आणि जमीन खरंच बिघडते का? खत किती टाकावं?

हो, बिघडते. आणि "कारखाने एवढी घाण सोडतात, तिथे शेतकऱ्याच्या दोन गोणी युरियाने काय होणार" हे मला कोणी ऐकवू नका. माझ्या चुलतभावाकडून, दादाकडून, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आधी गोणीचा हिशोब. युरियाची गोणी 45 किलोची, त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे जवळपास 21 किलो. हे सगळं नायट्रेट होऊन पाण्यात उतरलं, तर वीस लाख लिटर पाणी पिण्याच्या मर्यादेला, म्हणजे लिटरमागे 45 मिलिग्रॅमला नेऊन ठेवेल. सगळं उतरत नाही, काही पीक खातं, काही हवेत जातं. पण मळईची माती रेवाळ असते, नायट्रेट धरून ठेवत नाही. वरून पाणी दिलं की ते खाली झिरपतं आणि काठच्या विहिरीत जातं. पावसाळ्यात नदी सगळं वाहून नेते, तेव्हा कळत नाही. एप्रिल-मेमध्ये धार बारीक होऊन नुसते डोह उरतात, तेव्हा या खतावर माजलेलं शेवाळ जाऊन बघा. कलिंगडाला खतपाणी चालू असतं ते नेमकं उन्हाळ्याच्या तोंडाशी.

संगमेश्वर तालुक्यात शास्त्री नदीच्या काठाला आमची अठरा गुंठे मळई आहे. पावसात भात, कापणी झाली की उरलेल्या ओलीवर कुळीथ नाहीतर पावटा. वडिलांनी या तुकड्यात कधी गोणी फोडली नाही. पुराने आणलेला गाळ आणि कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी यांवर ती जमीन पिकत होती. वडील थकल्यावर दादाने ती कसायला घेतली आणि कलिंगड लावलं. पहिल्या वर्षी पैसे चांगले झाले, हे खोटं कशाला सांगू. पण मग पाइप टाकायला अडचण नको, सावली नको म्हणून काठावरची निगड आणि दोन करंज तोडले, आणि उरलेल्या गवतावर तणनाशक मारलं. मी तेव्हा भांडलो. "गवताने काय काठ धरून ठेवलाय?" असं तो म्हणाला.

2021 च्या जुलैत, चिपळूण बुडालं त्याच पावसात, शास्त्री आमच्या मळईवरून गेली. पाणी ओसरल्यावर बघतो तर काठ दोन वाव, म्हणजे दहा-बारा फूट, आत आलेला. तुटलेली कड भिंतीसारखी उभी होती: वर हातभर तांबूस गाळ, त्याखाली रेती, मध्ये कुजलेल्या पाल्याची काळी रेघ. गाळातून गवताची मुळं लोंबत होती. एक ओढून बघितलं तर भिजलेल्या सुतासारखं तुटलं, त्याला माती चिकटलेलीच नव्हती. शेजारच्या काकूंचा काठ याच वळणावर आहे, पाणीही तेवढंच आलं होतं. त्यांच्याकडे करंज आणि केवडा तसाच होता. एक ढेकूळ गेलं नाही.

आता लोक स्फुरदाबद्दल (फॉस्फरसबद्दल) विचारतात. आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर, ते स्फुरद घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे ते पाण्यात फार विरघळून जात नाही, मातीबरोबर जातं. काठ तुटला की ती माती, त्यातलं खत, तणनाशकाचा उरलेला अंश, सगळं एकदम नदीत. म्हणून माझं म्हणणं, खत किती याच्या आधी काठ बघा. कडेच्या पाच-सहा पावलांत नांगर नको, फवारा नको. भाताला युरिया फेकू नका, युरिया-डीएपीची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, भाताच्या चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये खोल दाबा. भातलागवडीची चारसूत्री पद्धत हेच सांगते, गिरिपुष्पाचा पाला गाडायलाही सांगते. पुराच्या तोंडावर तर काहीच टाकू नका.

भाजीला नेमकं किती, ते माती तपासल्याशिवाय मी सांगणार नाही.

दोन गोष्टी राहिल्या. आमच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं, पण विहिरीला लागून गोठाही आहे, तेव्हा सगळा दोष युरियावर ढकलता येत नाही. आणि तुमची मळई भरतीच्या पाण्याच्या टप्प्यात असेल तर तिथे पहिला प्रश्न खाऱ्या पाण्याचा, बांध आणि उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) धड आहे का हे आधी बघा.

गेल्या पावसात मी काठाला करंजाची सोळा रोपं लावली, अकरा जगली. खालचा भाग दादाच्या वाट्याला आहे, तिथे अजून तणनाशक मारतात. या उत्तराची लिंक मी त्याला पाठवणार आहे.