वाळवंट म्हणून गेलो आणि हिरव्या दरीत जुना रांचो सापडला

प्रश्न : आम्ही सॅन दिएगोला राहतो. मागच्या नोव्हेंबरात मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात, म्हणजे त्या लांबलचक द्वीपकल्पावर गाडी घेऊन गेलो होतो. लोरेतोहून डोंगरातल्या सान हाविएर गावाकडे निघालो तर वाळवंट कुठे दिसेचना, सगळं हिरवंगार, कॅक्टसच्या अंगावर वेली चढलेल्या! वाटेत एका वळणावर दगडी गडगा दिसला, आत झावळ्यांचं छप्पर, आंब्याचं झाड, शेळ्या, म्हणजे तिथले लोक रांचो म्हणतात तसली गुराढोरांची वाडी. एका आजींनी बोलावून कॉफी दिली. घर किती जुनं विचारलं तर म्हणाल्या, माझ्या आजोबांच्या आजोबांचं. हे लोक कोण, हे घर खरंच इतकं जुनं असेल का, आणि वाळवंट हिरवं कसं? यंदा आईबाबांना घेऊन परत जायचा विचार आहे.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला इतका आनंद झाला ना, कारण मी त्याच रस्त्याने गेलेलो आहे आणि तो रस्ता मी अजून विसरलेलो नाही. मागे वळून बघितलं की खाली निळाशार कोर्तेझचा समुद्र आणि पुढे सिएर्रा दे ला हिगांताचे काळेतांबडे कडे, आपल्या सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीचा दगड आहे तो, त्यामुळे आपल्या माणसाला घाट चढताना उगाच ओळखीचं वाटत राहतं.

आधी हिरवळीचं सांगतो, कारण घराचं उत्तर त्यातच आहे. तिथे पाऊस फार कमी, लोणावळ्याला जोराच्या पावसात एका दिवसात पडतो तेवढा कधी कधी वर्षभरात पडतो. पण पडतो तो ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, पॅसिफिकमधून वर सरकणाऱ्या चक्रीवादळांबरोबर, दोनचार दणक्यांत सगळा हिशोब पुरा. झाडं त्याचीच वाट बघत असतात. पालो आदान नावाचं ते काटेरी काड्यांचं झुडूप, एरवी वाळून कोळ झाल्यासारखं दिसतं, पाऊस झाला की थोड्याच दिवसांत पानांनी भरून जातं आणि पाणी संपलं की पानं टाकून देतं. तुम्ही ज्याला कॅक्टस म्हणताय तो बहुतेक कार्दोन, 15 मीटरच्या वरसुद्धा जातो, त्याच्या अंगावरच्या उभ्या घड्या बघितल्यात का? पाणी प्यायला की त्या घड्या फुगतात, उन्हाळ्यात परत मिटतात, हार्मोनियमच्या भात्यासारख्या. आणि पांढऱ्या खोडाची झाडं दिसली असतील, आपल्या कांडोळासारखी, तो पालो ब्लांको, त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तुम्ही नोव्हेंबरात गेलात म्हणून हे सगळं दिसलं, मे महिन्यात गेला असतात तर हेच डोंगर करडे दिसले असते.

पण एवढ्याशा पावसावर माणूस पिढ्यान् पिढ्या राहू शकत नाही ना. त्याला बारमाही पाणी लागतं आणि ते या डोंगरात मोजक्याच ठिकाणी आहे, कुठे दरीत झरा, कुठे खडकात साठलेलं कुंड. ही ठिकाणं आधी माहीत होती ती कोचिमी लोकांना, ते शिकार आणि कंदमुळांवर जगणारे, पाण्यावरून पाण्यावर फिरणारे. 1697 मध्ये हुआन मारिया साल्वातिएर्रा या जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका संघाच्या पाद्र्याने लोरेतोला मिशन, म्हणजे धर्मप्रसाराचं ठाणं, काढलं, 1699 मध्ये फ्रान्सिस्को मारिया पिक्कोलोने वर डोंगरात सान हाविएरचं. नंतर हुआन दे उगार्ते आला, त्याने तिथे शेती उभी केली. पाट काढले, बांध घातले, द्राक्षं, ऑलिव्ह, अंजीर, खजूर हे सगळं बाहेरून आणून लावलं. सध्या दिसतं ते दगडी चर्च 1744 ते 1758 मध्ये बांधलं गेलं, आणि त्याच्यामागच्या बागेत ऑलिव्हचं एक म्हातारं झाड आहे, पिळवटलेल्या खोडाचं, तीनशे वर्षांचं म्हणून सांगतात, ते बघितलं नसेल तर या वेळी नक्की बघा.

आणि हे बोललंच पाहिजे, की त्याच काळात देवी आणि गोवरासारख्या साथींनी कोचिमी लोक भराभर मेले, त्यांची भाषा आज कोणी बोलत नाही. मिशनच्या पूर्ण नावात विग्गे बिआउंदो हे त्यांचे शब्द तेवढे राहिलेत. मला त्या बागेत उभं राहिल्यावर ते फार जाणवलं.

आता तुमच्या आजी. स्पेनच्या राजाने 1767 मध्ये जेझुइटांना हाकलायचा हुकूम काढला आणि 1768 च्या फेब्रुवारीत या द्वीपकल्पावरचे 16 जेझुइट लोरेतोहून जहाजात बसवून पाठवून दिले. मिशनं हळूहळू ओस पडत गेली पण तिथल्या पहाऱ्यावरचे शिपाई, गुरं राखणारे, त्यांची कुटुंबं मागेच राहिली. त्यांनी पाण्याच्या जागा धरल्या, शेळ्या नि गुरं पाळली. डोंगरातल्या बऱ्याचशा रांचोवाल्या घराण्यांचं मूळ हेच. 1973 मध्ये तिहुआना ते काबो सान लुकास हा 1,700 किलोमीटरचा हायवे पूर्ण झाला, तोपर्यंत हे लोक जगापासून इतके तुटलेले होते की लागणारी बहुतेक प्रत्येक गोष्ट घरीच करायचे. म्हणजे आजोबांचे आजोबा हे काही वाढवून सांगितलेलं नाही, त्याच्याही मागे जात असेल.

घर मात्र तेवढं जुनं नसेल. झावळ्यांचं छप्पर दहा-पंधरा-वीस वर्षांनी परत शाकारावं लागतं, भिंती पडतात, परत उभ्या राहतात, सिमेंट आलं की गिलावा होतो. त्यामुळे इतिहास बघायचा तर घराच्या भिंतीकडे बघत बसू नका, घराच्या मागे जा. पाणी कुठून येतं ते विचारा. झऱ्यापासून निघालेला दगडी पाट, तो जिथे येतो तो हौद, तिथे ते त्याला पिला म्हणतात, आणि हौदाखालची गडग्याने बांधलेली बाग, हे तिथलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात न बदललेलं. माझ्या वेळी एका रांचोवर म्हाताऱ्याने मला पाटाच्या तळाचा दगड दाखवला, पाणी वाहून वाहून मधोमध हाताचा तळवा बसेल एवढी खोलगट खाच पडली होती. त्याने स्वतः त्यात हात ठेवून दाखवला आणि मग माझा ठेवायला लावला. पाणी गार होतं. मला वाटतं मी त्या ट्रिपमधलं बाकी काही विसरलो तरी ते विसरणार नाही.

तिथेच कडेला अजून एक टाकी होती, तांबूस पाण्याची, वास उग्र. त्यात कातडी मुरत घातलेली, पालो ब्लांकोच्या सालीच्या पाण्यात! हाच तो मघाचा पालो ब्लांको. त्या कातड्याचा कुएरा करतात, म्हणजे जाडजूड अंगरखा, काट्यांच्या रानात घोड्यावरून गुरांमागे जायचं तर कापड टिकतच नाही. छपराखालच्या पट्ट्या कार्दोनच्या आतल्या वाळलेल्या लाकडी काठ्यांच्या, आणि स्वयंपाकघर घरापासून वेगळं, मातीची उंच चूल, उभ्याने स्वयंपाक करायचा.

आईबाबांना न्यायचं म्हणताय तर नक्की न्या, फक्त काही गोष्टी सांभाळा. फाटक जसं असेल तसंच मागे ठेवायचं, बंद असेल तर बंद. लांबूनच बुएनास म्हणून हाक द्यायची, कुत्री असतात, आणि कोणी बाहेर आल्याशिवाय अंगणात शिरायचं नाही. ते म्युझियम नाही हो, कोणाचं तरी घर आहे. फोटोला आधी विचारा, ड्रोन तर अजिबात उडवू नका, शेळ्या उधळतात. हौदात हातपाय धुवायचे नाहीत, तेच पाणी प्यायचं असतं. काहीतरी विकत घ्या, खजूर, चामड्याची वस्तू, जे असेल ते. रात्री गाडी चालवू नका, गुरं ऊब घ्यायला डांबरावर येऊन बसतात. आणि वादळाच्या बातमीनंतर ओढे ओलांडायची घाई नको, कोरडा ओढा बघता बघता भरतो.

आईबाबांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि त्यावर चालू अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. गाडीचा मेक्सिकन इन्शुरन्स मात्र घ्यायलाच लागतो, अमेरिकेतला तिथे चालत नाही.

प्रश्न : मी मडगावची. सान हाविएर म्हणजे आमचा गोंयचो सायबच का?

उत्तर : हो, तोच! सेंट फ्रान्सिस झेवियर, ज्याचं शव जुन्या गोव्याला बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे. जेझुइटांचा मोठा संत म्हणून त्यांनी डोंगरातल्या या मिशनला त्याचं नाव दिलं. फेस्तही त्याच दिवशी, 3 डिसेंबरला. त्या सुमाराला आजूबाजूच्या डोंगरांतले रांचोवाले घोड्यांवरून, खेचरांवरून, हल्ली पिकअप भरभरून सान हाविएरला जमतात, काहीजण तर चालत येतात. जुन्या गोव्यालाही लोक लांबून चालत येतात हे तुम्हाला मी काय सांगणार. जमलं तर या दिवसांत जा, मला अजून जमलेलं नाही.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी. असल्या रांचोवर खायचं काय?

उत्तर : हे विचारलंत ते बरं केलंत, कारण वरवर शाकाहारी दिसणारं बरंच काही तिथे नसतं. शेळीच्या दुधाचं ताजं चीज फार सुंदर, दगडाखाली दाबून केलेलं, पण दूध विरजायला बहुतेक करडाच्या पोटातलं कुआहो, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, वापरतात. राजम्यासारखी घेवड्याची उसळ असते ती आणि मैद्याच्या पोळ्याही पुष्कळदा डुकराच्या चरबीत, तिला मांतेका म्हणतात. सिन मांतेका, म्हणजे चरबी नको, एवढे दोन शब्द पाठ करून ठेवा. त्यांना वाईट वाटत नाही, उलट मग बागेत नेतात, अंजीर, खजूर, संत्री, मोसमात आंबा. आंबासुद्धा आपल्याच बाजूचा, मनिलाहून स्पॅनिश जहाजांतून मेक्सिकोत पोचलेला. सोबत घरी भाजलेली कॉफी आणि गुळाचा खडा मिळाला तर तो चाखून बघा, ते त्याला पानोचा म्हणतात, आणि थोडा पिशवीत बांधून आणा.