पडून असलेल्या मॉरिस मायनरला मारुतीचं इंजिन बसवावं का?

तुम्ही विचारलंय: आजोबांची १९५४ ची मॉरिस मायनर बारा वर्षं गोठ्यात उभी आहे, मूळ इंजिन उघडावं की मारुतीचं बसवावं, आणि सांगलीत पार्ट मिळतात का.

मारुतीचं बसवू नका. मला हाच सल्ला सख्ख्या भावानं दिला होता, म्हणून लिहायला बसलो.

माझीही ५४ चीच, ८०३ सीसी, समोरची काच दोन भागांची. वडिलांची गाडी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा ती गावभागातल्या घरी चारही चाकं काढून ठोकळ्यांवर होती. ब्रेकचे सिलिंडर स्लीव्ह मारायला दिले होते. हलवताच आली नाही. आम्ही विश्रामबागेत पाहुण्यांकडे, गाडी पाण्यात. आठवड्यानं परतलो तर सीटवर बोटभर गाळ आणि डिपस्टिकला दुधासारखं पांढरं तेल. दादा दारातूनच म्हणाला, "आता तरी भंगारात घाल. नायतर मारुतीचं इंजिन टाक आणि मोकळा हो." वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं.

मी स्टार्टरला हात लावला नाही. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढले, तेल सोडलं, इंजिनखालचा तेलाचा चेंबर डिझेलनं तीनदा धुतला, चारही सिलिंडरांत डिझेल आणि तेल ओतून ठेवलं. रोज संध्याकाळी इंजिन हातानं फिरवायचं हँडल समोरून लावून हलकासा जोर. एकोणिसाव्या दिवशी ते बोटभर सरकलं. हेड उतरवल्यावर कळलं, पाणी आलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा होता, तिथंच गंजाचं कडं धरलेलं. कोल्हापूरला उद्यमनगरात सिलिंडरांचं बोअरिंग केलं, ओव्हरसाइज पिस्टन घातले. डायनामो आणि स्टार्टर मिरजेत रिवाइंड केले. किल्ली फिरवली की एसयू कंपनीचा पेट्रोल पंप टकटक करतो आणि कार्बोरेटर भरला की थांबतो. त्या दिवशी तो थांबला, मी हँडल मारलं, आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन बोललं. शेजारच्यांची दोन वर्षांची गाडी तेवढ्याच पाण्यात होती; विमेवाल्यांनी ती टोटल लॉसमध्ये काढली.

दादा अजून मायलेजचं बोलतो. मारुती ८०० चं इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारं. म्हणून लोक ओम्नीचं घालतात आणि त्यासाठी गिअरबॉक्स, माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट सगळं कापतात. शिवाय २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते ती मूळ रूपात असेल तरच. इंजिन बदललंत की तो रस्ता बंद. दादाला हे मी दोनदा वाचून दाखवलंय.

पार्टचं म्हणाल तर सांगलीत तयार मिळत नाहीत, पण ही दहा लाख गाड्यांचा आकडा ओलांडणारी पहिली ब्रिटिश गाडी आहे, इंग्लंडात आजही जवळपास सगळं बनतं. ब्रेकची रबरं मी तिथून मागवतो. बुश इथं लेथवर होतात.

ब्लॉकच तडकला असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही दुसरा ए-सिरीजचा, म्हणजे हिच्या मूळ इंजिनाच्याच जातीचा, ब्लॉक शोधा. बॅटरीची प्लस बॉडीला असते, इलेक्ट्रिशियनला आधी बजावा. पुढच्या ट्रनियनला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या आट्यांच्या सांध्याला, वेळच्या वेळी ग्रीस नसेल तर आटे झिजून चालत्या गाडीचं चाक बाहेर आडवं पडतं. ते तपासल्याशिवाय रस्त्यावर काढू नका. आणि हे ब्रेक हायवेवरच्या ट्रकांमध्ये चालवायचे नाहीत.

डिकीत हँडल आहे का बघा. नसेल तर कळवा, माझ्याकडे एक जादा आहे.