महागडी लाइट न घेता भर उन्हात माणसांचे चांगले फोटो कसे काढता येतील? स्वस्तातला रिफ्लेक्टर कोणता?

तुम्ही लिहिलंय की गाव हिंगोलीकडचं आहे, आजोबांचे आणि रानात काम करणाऱ्या माणसांचे फोटो काढायचेत, पण उन्हात डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. मी परभणीचा. याच उन्हात फोटो काढतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या खड्ड्यांचं अर्धं कारण पायाखाली आहे. दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, कपाळ आणि नाक उजळतं, डोळे सावलीत जातात. हे सगळीकडेच होतं. पण आपली काळी जमीन उजेड गिळून टाकते, खालून चेहऱ्याकडे जवळजवळ काहीच परत येत नाही. तोच माणूस चुना दिलेल्या भिंतीसमोर, सावलीच्या कडेला उभा करा, चेहरा लगेच मोकळा होतो. म्हणून रिफ्लेक्टरच्या, म्हणजे उजेड चेहऱ्याकडे परत फेकणाऱ्या शीटच्या, आधी भिंत शोधा. फक्त ती पांढरी हवी. निळ्या भिंतीजवळ चेहरा निळसर होतो आणि हिरव्या पिकात बसवलं की हनुवटीखाली हिरवी झाक येते.

रानातच फोटो हवा असेल तर पांढरं काहीतरी सोबत न्या. स्टेशनरीच्या दुकानातल्या दोन कार्डशीट जोडून चालतात. बॅनरवाल्याकडे सनबोर्डचे, म्हणजे हलक्या पांढऱ्या फोमच्या बोर्डाचे, उरलेले तुकडे मिळतात, ते जास्त टिकतात. वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असेल तर तो लाकडी चौकटीवर ताणून घ्या, छान मोठा रिफ्लेक्टर होतो.

माणसाची पाठ उन्हाकडे करा. शीट समोरून, थोडी बाजूला, छातीच्या उंचीवर धरायला लावा आणि चेहरा उजळेपर्यंत हळूहळू तिरकी करत राहा. अगदी खालून धरली तर हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात, ते विचित्र दिसतं. पांढऱ्या शीटचा उजेड दूर गेला की झपाट्याने कमी होतो, तेव्हा ती फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत जवळ आणा. बुबुळात पांढरा ठिपका दिसला की जागा बरोबर बसली.

आजोबांच्या फोटोत खरी अडचण पटक्याची आहे. पांढरा पटका, पांढरं धोतर आणि उन्हाने रापलेला चेहरा. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, ठरवला तर पटका पांढराफटक होऊन घड्या दिसेनाशा होतात, पटका सांभाळला तर चेहरा काळा पडतो. कॅमेऱ्याच्या कुठल्याही सेटिंगने हे नीट सुटत नाही. रिफ्लेक्टर चेहरा वर उचलतो आणि दोन्हींमधलं अंतर कमी करतो, मग सुरकुत्याही दिसतात आणि घड्याही. माझ्या मते रिफ्लेक्टर बाळगायला एवढं एक कारण पुरे आहे.

चंदेरी रिफ्लेक्टर हवा असेल तर गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा चालतो. तो लांबूनही उजेड फेकतो, पण मे महिन्यात जवळून कुणाच्या तोंडावर मारू नका, डोळे मिटतात आणि म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो. सोनेरी मी वापरत नाही, त्याने रापलेली कातडी पिवळीजर्द दिसते.

माळवदाच्या अंधाऱ्या घरात वेगळी युक्ती. अंगणात आरसा धरून ऊन आत घ्या, पण ते चेहऱ्यावर न टाकता पांढऱ्या चादरीवर पाडा. चादरीवरून येणारा उजेड मऊ असतो. अजिंठ्यात विजेचे दिवे नव्हते तेव्हा लेण्यांतली चित्रं अशीच आरसे आणि पांढरी कापडं वापरून दाखवत.

पुढे विकत घ्यायचाच झाला तर ११० सेंटीमीटरचा फाइव्ह-इन-वन, म्हणजे एकात पाच प्रकारची कापडं असलेला रिफ्लेक्टर, घ्या, आणि तो आतल्या अर्धपारदर्शक कापडासाठी घ्या. ते ऊन आणि डोकं यांच्या मध्ये धरलं की भर बाराच्या उन्हातही सावल्या मऊ होतात. धरायला मात्र एखादं दणकट पोरगं न्या. उघड्या रानात वारं सुटलं की तो हातात राहत नाही, आणि स्टँडवर लावून सोडला तर स्टँडसकट आडवा होतो.