सालदाराला ओट्याजवळ बसव

प्रिय दोस्ता,

तुझी पटकथा वाचली. केळीचा बागायतदार, त्याचा सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी), पुण्याला दिलेली लेक, ट्रकचा ड्रायव्हर, सावद्याचा व्यापारी. पाचही माणसं खरी उतरली आहेत, म्हणून स्पष्टच सांगतो, महामार्गावरचा तो अपघात काढून टाक. महानगरात अनोळखी माणसांना एकमेकांसमोर आणायला गाड्यांची धडक लागत असेल. आपल्या खानदेशातल्या रावेर-यावल पट्ट्यात ती आधीच एकमेकांना बांधलेली आहेत. उचल कोणी दिली, भाव कोणी पाडला, घड कोणाच्या खांद्यावरून ट्रकपर्यंत गेले, हीच ती गाठ. मध्ये योगायोग आणलास की हा व्यवहार झाकला जातो, आणि तुझा सिनेमा त्या व्यवहाराचाच आहे.

त्यापेक्षा सगळं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला घडू दे. सालदाराचं जुनं साल, म्हणजे वर्षाचा करार, त्या दिवशी संपतं, नवं ठरतं. सालदार राहणार की सोडणार, मागची उचल फिटली का, हे ओट्यावर बोललं जातं. त्याच दिवशी झोके बांधलेले असतात, खापरावर पुरणपोळ्या होत असतात, गल्लीत पत्त्यांचे डाव रंगतात. मालकाची लेक माहेरी आली आहे. सालदाराचीही आली आहे, पण तिची आई मालकाच्या घरी पुरण वाटते आहे. यावर कोणाच्याही तोंडी संवाद देऊ नकोस. दोन्ही घरं नुसती दाखव.

रॉबर्ट ऑल्टमनचा 'गॉसफर्ड पार्क' (२००१) मिळवून बघ. १९३२ सालच्या इंग्लंडमधली हवेली, वर पाहुणे आणि खाली नोकर. मालकवर्गाच्या प्रत्येक प्रसंगात कोणीतरी नोकर हजर असलाच पाहिजे, असा नियम ऑल्टमनने स्वतःला घालून घेतला होता. तुझ्याकडे ओट्यावर सालाची बोली चालते आणि सालदारच तिथे नाही! त्याला पायरीवर बसव. मालकाचं एक वाक्यही बदलू नकोस. ऐकणारा समोर आला की तीच वाक्यं वेगळी वाजतील.

भाषेचं मात्र मनापासून खटकलं. सगळ्यांच्या तोंडी एकच अहिराणी कशी? या पट्ट्यात बागायतदाराच्या घरात लेवा गणबोली असेल, सातपुड्यातून उतरलेले पावरा मजूर आपसात पावरी बोलतील, आणि मालक बँकेत शिरला की पुस्तकी मराठीवर येईल. कोण कोणासाठी आपली बोली बदलतो, यावर नीट काम कर. तिथे तुला वर्ग दिसेल.

व्यापाऱ्याचा भाग आटोपशीर आहे, त्याला हात लावू नकोस.

राहिला सालाचा, म्हणजे सालदाराच्या वर्षाच्या मजुरीचा आकडा. तो अंदाजाने टाकलेला दिसतो. आधी एखाद्या सालदाराला विचार, मग बागायतदाराला. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर दोन्ही पटकथेत ठेव.

तुझा,
काका