कानशिलावरच्या कॅन्सरच्या ऑपरेशनने वडिलांचं तोंड वाकडं होईल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या कानशिलावरची जखम वर्षभर भरेना, तुकडा तपासला तर बेसल सेल हा कातडीचा कॅन्सर निघाला, आणि ऑपरेशनचं नाव काढताच 'तोंड वाकडं होतं' म्हणून गावकऱ्यांनी त्यांना घाबरवून सोडलं. मी लातूरला प्लास्टिक सर्जन आहे. जन्मभर उन्हात राबलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरच्या अशा गाठी मी नेहमी काढतो.

कानशिलावरच्या ऑपरेशनमध्ये धोका तोंडाला नसतो, भुवईला असतो. चेहरा हलवणारी नस कानाखालून निघून गालातल्या लाळग्रंथीत शिरते आणि तिथे तिला पाच मुख्य फांद्या फुटतात. ओठांच्या फांद्या वेगळ्या. कपाळाकडे जाणारी फांदी मात्र कानशिलावर अगदी वरवर येते. गालावरच्या फांद्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने एकीचं काम दुसरी चालवून घेते. हिला तो आधार फारसा नसतो. ती तुटली तर भुवई उतरते आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यावर कातडी लोंबते.

म्हणून भूल देण्याआधीच मी पेशंटला बसवून कपाळाला आठ्या घालायला लावतो, डोळे घट्ट मिटायला सांगतो. मग कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्याखाली अर्धा सेंटिमीटर ते भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या वर दीड सेंटिमीटर अशी पेनने रेघ ओढतो. नस साधारण त्या रेघेने जाते. कातडी सोडवायची ती वरच्या चरबीतच, खालचा पांढुरका पडदा शक्यतो उघडायचा नाही. रक्त थांबवायला चिमट्याची बायपोलर कॉटरी वापरतो, तिची आच आजूबाजूला कमी पसरते.

औशाकडच्या एका आजोबांची मुलगी ऑपरेशननंतर त्यांची भुवई हलेना म्हणून रडायलाच लागली. जागेवरच्या भुलेने नसही काही तास झोपते, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला आल्यावर आजोबांनी टोपी मागे सारली आणि भुवया उंचावल्या. आठ्या दोन्हीकडे सारख्या! आता मी हे नातेवाइकांना आदल्या दिवशीच सांगतो.

वडिलांना एक नीट विचारा: जखमेच्या आसपास मुंग्या येतात का, बधिर लागतं का, भुवई आधीच उतरलीय का? असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. कॅन्सर नसेत शिरल्याची ती खूण असू शकते, मग एमआरआय लागतो. नसच कॅन्सरमध्ये अडकली असेल तर तेवढा भाग काढावा लागतो, तिथे मी भुवईसाठी कॅन्सर मागे ठेवणार नाही. नुसती ताणली गेलेली नस बहुधा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत शुद्धीवर येते.

'सोयाबीन निघाल्यावर बघू' असं मात्र करू नका. हा कॅन्सर सावकाश वाढतो, पण खोल जातो, आणि तो वरच्या चरबीत आहे तोवरच नस सांभाळून काढणं सोपं असतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारा, नस गाठीपासून किती लांब आहे आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा कॅन्सरपासून साफ निघाल्या की नाही हे कसं तपासणार. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते रेशनकार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.